फ्रेंचवाल्याच्या शेल्फवरची जाऊबाई

नलूताई,

रविवारी मंडळाने तुझी शोकसभा ठेवली होती. तुझा हार घातलेला फोटो, पुढे समई, पहिल्या रांगेत माझे थोरले दीर, दादा, मान खाली घालून बसलेले. एकेक जण उठून बोलत होता. कुणी तुला यशस्वी उद्योजिका म्हणालं, कुणी आखातातल्या मराठी बायकांचा आदर्श म्हणालं. इथपर्यंत ठीक होतं. मग मंडळाचे खजिनदार उठले आणि म्हणाले, "नलिनीवहिनी स्वभावाने अतिशय मनमिळाऊ होत्या." आपल्या किचनच्या बायका मागे बसल्या होत्या. शकुंतलाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकदम रुमाल तोंडावर धरले. लोकांना वाटलं, यांना रडू आवरत नाहीये.

मनमिळाऊ! तेलवाला, पॅकिंगवाला, म्युनिसिपालिटीचा इन्स्पेक्टर, दादा, मी. तुझ्याशी ज्याचं भांडण झालं नाही असा एक तरी माणूस या देशात असेल का?

मलाही बोलायला सांगितलं. मी माईक हातात घेतला, "नलूताई माझी थोरली जाऊ" एवढं म्हणाले आणि खाली बसले. पुढचं वाक्य सुचेना. ते आता घरी बसून लिहितेय.

लग्न होऊन मी दुबईत आले तेव्हा मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटायची. सासूबाई गावी, नवरा दिवसभर ऑफिसात. तू पहिल्याच आठवड्यात मला घेऊन खाडीवर गेलीस, अब्रात बसवलंस आणि पलीकडच्या काठावर उतरल्यावर म्हणालीस, "आता तू एकटी परत जा. मी पुढच्या होडीने येते." मला वाटलं, ही बाई माझा छळ करणार. संध्याकाळी मला म्हणालीस, "आणि ते अहोजाहो बंद कर. मी काय तुझी सासू आहे?" त्या दिवसापासून तू 'तू' झालीस.

तेव्हा तुझं किचन लहान होतं. अल क्वोजमध्ये गॅरेजच्या शेजारी एक गाळा, रीतसर लायसन्स काढलेला, तू, शकुंतला आणि आणखी दोघी. मराठी घरांना दिवाळीचा फराळ, गणपतीत मोदक, एरवी चकली आणि थालिपीठाची भाजणी. मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायला म्हणून आले आणि कायमची राहिले.

मग फ्रेंचवाला आला. त्या दुकानाचं खरं नाव तुला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून आपल्या सगळ्यांसाठी तो फ्रेंचवालाच. नव्या मॉलमध्ये त्याने एवढं मोठं सुपरमार्केट उघडलं की पहिल्या शुक्रवारी अर्धं दुबई तिथे लोटलं होतं. आपणही गेलो. दारातच ताज्या पावाचा वास. लांबलचक पाव टोपल्यांतून उभे केलेले, आणि आत काचेमागे पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं खरोखर पीठ मळत होती. तू त्या काचेपाशी इतका वेळ उभी राहिलीस की आतल्या माणसाने तुला हात केला. चीजच्या काउंटरवर एका तरुणाने तुला निळ्या शिरांचा तुकडा चाखायला दिला. तू तोंडात टाकलास, डोळे मिटलेस आणि त्याला काळजीने सांगितलंस, "भाई, ये खराब हो गया है. किसी को देना मत."

पुढे एक शेल्फ होतं, देशोदेशींच्या पदार्थांचं. लेबनॉनचे, फिलिपिन्सचे, इराणचे. भारताच्या वाट्याला पापड, लोणचं आणि भुजिया. तू वरपासून खालपर्यंत पाहिलंस.

"मधू, आपलं काहीच नाही इथे."

"ते आपलं कशाला घेतील, ताई?"

"न घ्यायला काय झालं? विचारलंय का कुणी त्यांना?"

विचारायला आपण दोघीच गेलो. तू मोरपंखी इरकल नेसली होतीस, हातात स्टीलचा डबा. समोर खाद्यपदार्थ विभागाची मुख्य, पिकल्या केसांची, चष्मा साखळीला अडकवलेली फ्रेंच बाई. सगळे तिला मादाम म्हणत. मी इंग्रजीत बोलत होते, तू मराठीत, आणि मधल्यामधे तुझे डोळे तिच्या तोंडाकडे आणि कान चकली मोडल्याच्या आवाजाकडे. कुरकुरीत आवाज आला. मादामने दुसरी उचलली. मग विचारलं, "इंग्रजीत याला काय म्हणायचं? लेबलवर 'स्पायरल स्नॅक' चालेल?"

मी तुला सांगितलं. तू मला म्हणालीस, "तिला विचार, तुमच्या त्या लांब पावाला तुम्ही इंग्रजी नाव दिलंत का?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. मादाम चष्मा काढून इतकी हसली की शेजारच्या केबिनमधला माणूस डोकावून गेला. लेबलवर 'चकली' ठरलं.

आणि ब्रँडचं नाव? ते आपल्याकडे नव्हतंच. मादामने माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं होतं, ही तुझी कोण? मी म्हटलं, सिस्टर-इन-लॉ. तू मला तिच्यासमोरच दटावलंस. "सिस्टर-इन-लॉ काय? नणंदही सिस्टर-इन-लॉ, वहिनीही सिस्टर-इन-लॉ. नीट सांग. जाऊबाई." मादामने तो शब्द दोनतीनदा घोळवून पाहिला. जा-ऊ-बाई. म्हणाली, हेच नाव.

नलूताई, त्या दिवशी परतताना टॅक्सीत तू रिकामा डबा छातीशी धरून बसलीस. खिडकीबाहेर बघत होतीस. मला वाटलं तू थकलीस. तुझ्या हातातला तो डबा मी हळूच माझ्या मांडीवर घेतला.

त्यानंतरची वर्षं फ्रेंचवाल्याच्या भरभराटीची होती आणि आपलीही. शारजात त्याचं दुकान उघडलं, अबुधाबीत उघडलं, मग पार डोंगरापलीकडे खोर फक्कानला. प्रत्येक ठिकाणी जाऊबाई. आपला गाळा शेजारच्या गाळ्यापर्यंत वाढला. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, एक बिहारची, दोन केरळच्या, अशा बायका आल्या. एका एमिराती बाईंनी दुकानात मला सांगितलं की त्यांच्या घरी कहव्याबरोबर खजूर आणि आपली चकली ठेवतात. तुला सांगितलं तर तू फक्त "हं" केलंस, आणि त्या आठवड्यात दिसेल त्याला ती गोष्ट सांगत सुटलीस.

मॉलमध्ये भाजीला म्हणून जायचीस आणि आपल्या शेल्फपाशी थांबून पाकिटं सरळ करत बसायचीस. एकदा सिक्युरिटीवाल्याने हटकलं, "मॅडम, क्या कर रहे हो?" तू ताठ मानेने म्हणालीस, "घर देख रही हूँ अपना." माझी इरा तेव्हा शाळेत होती. ती लाजून दुसऱ्या रांगेत पळाली. "आई, प्लीज, टेल काकी टू स्टॉप. इट्स जस्ट चकली." आज तीच इरा कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगते की माय काकी गॉट चकली इन्टू अ फ्रेंच सुपरमार्केट.

आपलं मोठं भांडण खोर फक्कानच्या रस्त्यावर झालं. ते दुकान उघडल्याच्या समारंभाहून आपण व्हॅनमधून परत येत होतो. फ्रेंचवाल्याने नवा प्रस्ताव दिला होता: चकली आपण करायची, पण पाकीट त्यांच्या नावाचं. जाऊबाई नाही. माल कितीतरी जास्त जाणार होता, मशीन घेता आलं असतं, मोठं किचन. मी म्हटलं, हो म्हणूया. तू म्हणालीस, नाही.

"ताई, नावात काय ठेवलंय? चकली तर आपलीच ना?"

"मग नाव पण आपलंच राहू दे. एवढीच हौस असेल तर त्यांनी करावी चकली, मी शिकवते."

"तू धंदा करतेस की हट्ट?"

"दोन्ही."

 घरी आल्यावर कितीतरी दिवस तू मला "शकुंतला, तिला सांग" असं म्हणत होतीस, मी समोर उभी असताना. तू नकार कळवलास तो कळवलासच. पुढे जे झालं त्यावरून सगळे म्हणतात की फ्रेंचवाला टिकणार नाही हे नलिनीवहिनींना आधीच कळलं होतं. मला नाही तसं वाटत. तुला काहीही आधी कळलं नव्हतं. तुला फक्त तुझं नाव पुसू द्यायचं नव्हतं. आणि मला अजूनही वाटतं, तेव्हा हो म्हटलं असतं तर आपल्या बायकांचे कढईपुढे उभं राहण्याचे कष्ट लवकर कमी झाले असते. हा वाद आपला अर्धाच राहिला. तू अशी मधूनच उठून जाशील असं वाटलं नव्हतं.

फ्रेंचवाल्याची उतरण एका दिवसात झाली नाही. आधी ती काचेमागची भट्टी बंद झाली. पाव कुठूनतरी गोठवलेले यायला लागले आणि दारातला वास गेला. तो वास गेल्याचं सगळ्यात आधी तुला कळलं. "मधू, इथे काहीतरी बिनसलंय," असं तू दारात उभी राहून म्हणालीस. मग मादाम रिटायर होऊन फ्रान्सला परतली. जाताना तुला गालाला गाल लावून निरोप दिला आणि तू अवघडून तिच्या पाठीवर थोपटलंस. तिच्या जागी एक आला, तो गेला, दुसरा आला. लोक फोनवरून सामान मागवायला लागले, कोपऱ्याकोपऱ्यावर नवी दुकानं झाली. आपलं शेल्फ डोळ्यांच्या उंचीवरून गुडघ्यापाशी आलं, मग मागच्या रांगेत गेलं. अबुधाबीचं दुकान बंद. शारजाचं बंद. शेवटी बातमी आली की फ्रेंचवाला इथून जातोय आणि ती जागा दुसरे कुणी घेणार आहेत.

मला त्याचा राग आला होता. तुला नाही आला. तू म्हणालीस, "पाहुणा जातोय, असा कसा कोरडा पाठवायचा?"

शेवटच्या आठवड्यात तू मीना बाजारातून खण आणलेस, नारळ आणलेस, आणि मला घेऊन त्या दुकानात गेलीस. निम्मी शेल्फं रिकामी, दिवे अर्धे. बिलिंगला ग्रेस होती, फिलिपिन्सची, गिऱ्हाइकांमुळे हिंदी शिकलेली. पहिल्या दिवसापासून ती तिथे होती आणि आपली पाकिटं स्कॅन करताना दर वेळी "गुड मॉर्निंग, जाऊबाई" म्हणायची, दोघींना एकच नाव. तू तिला काउंटरच्या बाहेर बोलावलंस. "बेटा, पल्लू नहीं है तो एप्रन पकडो." तिने गोंधळून एप्रनची दोन टोकं धरली. तू तिला कुंकू लावायच्या आधी विचारलंस, चलेगा ना? ती म्हणाली, येस मॅम. तू तिच्या एप्रनमध्ये तांदूळ, नारळ, खण घातलास.

"ये क्या है, मॅम?"

"हमारे यहाँ लड़की घर से निकलती है ना, तो खाली हाथ नहीं भेजते."

ग्रेस तिथेच, रिकाम्या बिलिंगच्या रांगेत, एप्रन दोन्ही हातांनी धरून रडली. मग पावाच्या विभागातली एक मुलगी आली, मग भाजीकडची केरळची बाई. तू सगळ्यांच्या ओट्या भरल्यास. नारळ संपले तर शेवटच्या दोघींसाठी मी त्याच दुकानाच्या शेल्फवरून विकत आणले. मॅनेजर आला, इजिप्तचा होता. मला वाटलं आता ओरडणार. तो बघत उभा राहिला आणि तुला म्हणाला, "हबीबती, मला काही नाही?" तू त्याला चकलीचं पाकीट दिलंस.

एवढं मोठं दुकान, एवढी वर्षं, आणि त्याला माणसासारखा निरोप दिला तो तू. मी त्या दिवशी तुझ्याकडे बघत होते आणि मला तुझा फार अभिमान वाटत होता. गाडीत बसल्यावर म्हणाले काय, तर "ताई, तांदूळ सांडलेत सीटवर."

दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न उभा राहिला. मोठी ऑर्डर गेली. किचनमध्ये एवढ्या बायका, त्यांचे व्हिसा आपल्या लायसन्सवर. काम नसेल तर त्यांना घरी पाठवावं लागणार होतं, आणि बहुतेकींच्या घरी त्यांच्याच पैशावर कुणीतरी शिकत होतं. दादा म्हणाले, खलास, आता आटपा. मीही तेच म्हणाले. शकुंतला भांडी घासत राहिली.

तू व्हॅनची किल्ली घेतलीस आणि बाहेर पडलीस. आपल्या किचनपासून दोन वळणांवर कामगारांच्या वस्त्या आहेत. आपण वर्षानुवर्षं त्यांच्यावरून जात होतो. संध्याकाळी साइटवरून बस येतात, माणसं उतरतात, हेल्मेट हातात. तू तिथल्या बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या लहानशा किराणा दुकानात, उभी राहून मराठी कानावर पडेल त्याला विचारत होतीस, "काय खाता रे रोज?" भात. खुबूस रोटी. भात. एक जण, जतकडचा होता, म्हणाला, "काकी, भाकरी खाऊन वर्ष झालं असंल."

आठवड्याभरात आपल्या किचनमध्ये ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या. केरळच्या बायकांनाही तू भाकरी शिकवलीस. त्यांची पहिली भाकरी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी झाली आणि तू ती स्वतः खाल्लीस. भाकरी, पिठलं, ठेचा, कागदात बांधून बकाल्यांवर. त्या जतच्या माणसाने पहिला पुडा उघडला, भाकरी उलटीसुलटी बघितली आणि विचारलं, "हातची हाय?"

"मग काय पायाची असेल?"

तो हसला, आणि तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून खायला लागला. खाताना एकदाही वर बघितलं नाही त्याने.

मी तेव्हा तुला म्हटलं होतं की फ्रेंचवाल्याच्या शेल्फवरून आपण कुठे आलो. तू पीठ मळत होतीस. म्हणालीस, "फ्रेंचवाल्याकडे लोक आपलं पाकीट बघून पुढे जायचे, तर मी शेल्फमागे उभी राहून मनात देवाचा धावा करायचे. इथे माणूस पायरीवर बसून खातोय. मला विचारशील तर मी वर चढलेय." किचनमधली एकही बाई परत गेली नाही. एकही नाही. सभेत हे एक वाक्य कुणीतरी बोलायला हवं होतं. मीच बोलायला हवं होतं.

तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा फोन आला होता. फ्रेंचवाल्याची जागा ज्यांनी घेतली, त्यांना चकली हवी होती. मी म्हटलं, पुरे, एकदा पाहिलं ना? भाकरी चांगली चाललीय. आणि तू, ज्या बाईने पूर्वी नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ती हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून म्हणालीस, "का नाही? दुकान गेलं म्हणून काय चकली गेली? यल्ला, सोमवारी जाऊ." मी म्हटलं, आधी बरी हो. तू म्हणालीस, तू कायम असंच करतेस. मी म्हटलं, कसं? नर्स आली, इंजेक्शन दिलं, आणि ते कसं ते राहिलंच.

ताई, मी काल गेले. एकटीच. खरेदी बघणारी एक एमिराती मुलगी होती, फार तर तिशीची. तिने विचारलं, "मिसेस नलिनी नाही आल्या?" मला पहिल्यांदा ते मोठ्याने, इंग्रजीत, अनोळखी माणसासमोर म्हणावं लागलं. ती उठून टेबलाच्या या बाजूला आली, माझ्या शेजारी बसली. मग तिने विचारलं, "आता निर्णय कोण घेतं?"

मी म्हटलं, "मी घेते."

तिलाही त्यांच्या नावाचं पाकीट हवं होतं. मी सांगितलं, जाऊबाई जशी आहे तशीच राहील, आणि डोळ्यांच्या उंचीवर राहील. तुमच्या नावाची हवी असेल तर तीही देऊ, पण तिची भाजणी वेगळी असेल. ती इन्शाल्ला म्हणाली, हसली, आणि दोन्हीला हो म्हणाली. तुला हे अर्धंच पटलं असतं, मला ठाऊक आहे. माझ्या मते मी जिंकले आणि तुझ्या मते तू.

तिथून थेट किचनला आले. बायका भाकरी बांधून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. शकुंतलाने विचारलं, "काय म्हणाले?"

"चकली पाहिजे म्हणाले. भरपूर."

"मग भाजणी संपत आलीय. आजच भाजायला घ्यायला हवी," ती म्हणाली आणि तिने बायकांना तांदूळ निवडायला हाका मारल्या. चूल पेटली, मोठी कढई चढली. मी ओढणी कमरेला खोचली आणि कढईकडे वळले. भाजणी कायम तूच भाजायचीस; वाटलं होतं, आजपासून तिथे मला उभं राहावं लागणार.

तुझ्या जागेवर शकुंतला आधीच उभी होती. तिने सरकून मला शेजारी जागा करून दिली.